मुखड्यानंतरचं गाणं

महाड
७ डिसेंबर २०२४

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला तर तो तसाच पडून राहतो. म्हणून शेवटी कागद घेतला. पोस्टातल्या मुलीने विचारलं, बाई, कुरिअर का करत नाही, उद्या पोचेल. म्हटलं, घाई नाही.

तुला राग आला आहे हे मला कळतं. पण झालं काय ते एकदा माझ्याकडून ऐक. तू पाहिलीस ती अर्ध्या मिनिटाची क्लिप. कार्यक्रम तासभर चालला होता.

व्यापारी मंडळाचे यज्ञेश्वर शेट घरी आले होते. म्हणाले, सिनेमा सगळीकडे लागलाय, त्याचं संगीत आपल्या महाडच्या मुलाचं आहे. तो कामातून येऊ शकत नाही, तर आपण त्याच्या आईचा सत्कार करू. मी नको म्हणत होते. हॉल भरला होता. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली आल्या होत्या, आता त्यांच्याच मुली शाळेत आहेत. शाल झाली, नारळ झाला, रायगडाची फ्रेम झाली. मग त्यांनी तुझं गाणं लावलं आणि लगेच माईक माझ्या हातात दिला. बाई, दोन शब्द.

मी काय बोलले ते तुला पाठ झालं असेल, तरी लिहिते, म्हणजे मी शब्द फिरवले असं नको. मी म्हणाले, मूळ गाणं म्हणजे भरल्या घरातली शांत बाई होती. माझ्या मुलाने तिला मॉलमध्ये नेऊन उभी केली, तोंड रंगवलं आणि नाच म्हणाला. गाण्यात श्वास घ्यायला जागा लागते, ती त्याने ठोकाठोकीने भरून टाकली. विकायला हे ठीक आहे, पण याला मी संगीत म्हणणार नाही.

लोक हसले. टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाइलवर घेतलं आणि रात्रीत ते कुठल्या कुठे गेलं. ‘आईनेच धरले संगीतकाराचे कान’ असं वर लिहिलेलं होतं. ते लिहिणारी मी नव्हे.

तू मला मागे फोनवर समजावलं होतंस. आई, हे रिमिक्स नाही. जुन्या सिनेमाचा रिमेक आहे, तर गाणीही दोन्ही काळांत उभी राहिली पाहिजेत. व्हायोलिनचा ताफा खरा बसवणार, मेंडोलिन खरं वाजवून घेणार, आणि त्याच्याखाली आजचा ताल. पाच गाण्यांपैकी तीन नवी, पण जुन्या बाजाची, आणि दोन जुनी, नव्याने बांधलेली. हे सगळं मला लक्षात आहे. तरी शेकडो जुनी गाणी पडलेली असताना तुला हेच का हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी संगीताची शिक्षिका. विचारलं तर मत देणारच. मुलगा म्हणून खोटं कौतुक करायला हवं होतं का, एवढंच सांग.

कुळथाचं पीठ आणि आमसुलं पाठवते आहे, श्रियाच्या नावाने. सून तरी घेईल. तुझ्या नावाचं पार्सल परत आलं तर पोस्टात मला बरं वाटणार नाही.

तुझी आई


महाड
३० डिसेंबर २०२४

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

काल श्रियाचा फोन आला होता. पार्सल मिळालं म्हणाली. मग बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, आणि फोन ठेवता ठेवता तिने सांगितलं की त्याच निर्मात्याचा पुढचा सिनेमा तुझ्याकडून गेला. दुसऱ्याला दिला.

मी विचारलं, माझ्यामुळे का? ती म्हणाली, “आई, तसं कुणी तोंडावर बोलत नाही. पण मीटिंगमध्ये त्यांनी ती क्लिप लावली होती. सगळे हसले. हाही हसला.”

तू हसलास हे ऐकून मला जास्त लागलं.

ओजस, मला वाटत होतं तू रुसला आहेस. लहानपणी रुसायचास तसा, दोन दिवस जेवणावर राग आणि मग आपला आपण हार्मोनियमवर येऊन बसायचास. तुझ्या कामावर याचा परिणाम होईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. हॉलमध्ये बोललेलं हॉलमध्ये राहतं, मी त्या काळातली.

त्या चॅनेलवाल्याच्या मुलाखतीबद्दलही तुझा राग असणार. तो पोरगा मुंबईहून गाडी घेऊन दारात आला. चहा दिला नाही असं कसं करणार? मग तो विचारत गेला आणि मी बोलत गेले. आता कुणाशी काही बोलू नकोस असा तुझा मेसेज आला होता, तो मी नंतर पाहिला. आधी पाहिला असता तर त्याला परत पाठवलं असतं.

त्यातलं ‘आजकालच्या मुलांना मशीन वाजवते’ हे वाक्य तुझ्याबद्दल नव्हतं. मी एकंदरीत म्हणत होते. त्यांनी ते तुझ्या फोटोवर लावलं.

बाजारात गाणं सगळीकडे आहे. एसटी स्टँडवरचा रसवाला लावतो. परवा शाळेच्या मैत्रिणींबरोबर रायगडावर गेले होते, तर रोपवेच्या खाली हिरकणीवाडीत प्रत्येक टपरीवर तेच. भजीवाल्याला एकीने सांगितलं, ह्या त्याच्या आई. त्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. तो म्हणाला, तुमचं बोलणं पण बघितलं, लय भारी बोलता. मला ती भजी खाववली नाहीत.

श्रियाला सांगितलंय की पुढच्या सिनेमाचं काही वेगळं ठरलं तर कळव. तू कळवणार नाहीस, माहीत आहे.

तुझी आई


महाड
१९ जानेवारी २०२५

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पाठवला आहे. या वर्षी पाक जरा पुढे गेला, दात जपून.

परवा पोलादपूरला गेले होते. माझी सेजल आठवते का? वरच्या वाडीवरून मावशीकडे राहून शिकायला आलेली, आवाज चांगला पण सदा सर्दी झालेली. तू सातवीत असताना तिच्याकडून तानपुऱ्याची तार तुटली म्हणून तू तिच्याशी भांडला होतास. ती आता पोलादपूरला असते. नवरा सुनील मुंबईत रिक्षा चालवतो, सासू ठकूबाई तिच्याजवळ. हळदीकुंकवाला बोलावलं होतं, म्हटलं जाऊन येऊ, तेवढाच दिवस जाईल.

बायका जमल्या होत्या आणि तिच्या मुलीने स्पीकरवर तुझं गाणं लावलं. पोरी नाचायला लागल्या. सेजलने मला बघून घाईघाईने आवाज कमी केला. माझ्या देखत तुझं गाणं लावायचं नाही, असं आता लोकांना वाटतं. मी म्हटलं, असू दे गं. पण तिने कमीच ठेवला.

बायका गेल्यावर ठकूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “बाई, राग नका मानू. तुमी मोबाइलात बोललात ता आमी बघितला. पोराला घरात काय पन बोलावा. चारचौघात नाय.”

मी म्हणाले, मी गाण्याबद्दल बोलत होते, मुलाबद्दल नाही.

त्या म्हणाल्या, “त्याचा काम म्हंजी तोच ना? माझा सुनील रिक्षा चालवतो. कसा चालवतो, मी कदी बघाय नाय गेले. पन कोनी विचारला तर चांगलाच चालवतो म्हनून सांगते.”

मी मनात म्हटलं, रिक्षा वेगळी आणि गाणं वेगळं. तेवढ्यात सेजल चहा घेऊन आली आणि म्हणाली, “बाई, पण शेवट ऐकलात ना तुम्ही? तो लागला की हातातलं सगळं खाली ठेवावंसं वाटतं. त्याच्यासाठी तरी त्याला माफ करा.”

मी हो म्हणाले. ऐकला म्हणाले.

येताना एसटीत खिडकीशी बसले होते. सेजल आणखी काही विचारेल म्हणून मी लवकर निघाले होते, हे माझं मला ठाऊक होतं. ओजस, तो शेवट मी ऐकलेला नाही. हॉलमध्ये त्यांनी मुखडा आणि थोडंसं पुढे एवढंच लावलं, मला बोलायला सांगायचं म्हणून बंद केलं. टपऱ्यांवर, स्टँडवर, रीलवर सगळीकडे तोच तुकडा वाजतो. मी तेवढ्यावरच बोलले. मुलाखतही तेवढ्यावरच दिली.

वर्गात एखाद्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला बाकावर उभी केली असती.

आज इतकंच. डोकं दुखतं आहे.

तुझी आई


महाड
१५ फेब्रुवारी २०२५

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

गाणं ऐकलं. पूर्ण ऐकलं.

तू दिलेले हेडफोन खोक्यातच होते. शेजारच्या पूजाने लावून दिले. मला गाणं शोधता येईना, तेव्हा तीच म्हणाली, काकू, हे तर तुमच्याकडे आलेलं आहे, ऑगस्टपासून. खाली तुझे शब्द होते. ‘आई, अजून कुणीच ऐकलेलं नाही. पूर्ण ऐक, मग बोल.’

मी ते तेव्हा पाहिलं होतं. मुद्दाम उघडलं नव्हतं. हे गाणं घेतल्याचं तू मला सगळं ठरल्यावर सांगितलंस, तेही फोनवर, गाडीतून. मला वाटलं, आता ऐकून काय होणार. याला माझं मत नको आहे, शाबासकी हवी आहे. नंतर ऐकते, असं दोन शब्दांत कळवलं आणि नंतर ते राहूनच गेलं. राहून गेलं म्हणजे मी ठेवलं.

आणि हेच गाणं का, ते कळलं नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, तेही खरं नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाबांचं गाणं होतं ते. कोर्टात जायच्या आधी पडवीत आरसा टांगून दाढी करायचे आणि तेवढंच म्हणायचे, मुखडा, पुन्हा मुखडा. आत माझी शिकवणी चालू असायची. मुली हसायच्या. मी आतून ओरडायचे, अहो, सुरात तरी म्हणा. ते म्हणायचे, सूर तुझ्याकडे आहेत ना, घरात तेवढे पुरे. शेवटच्या शब्दाच्या आधी ते थांबायचे, कारण तिथे त्यांचा वस्तरा हनुवटीखाली जायचा. तालाचं भान नाही, काही नाही. हनुवटी झाली की मग शब्द यायचा. तू दप्तर घेऊन पायरीवर त्या शब्दाची वाट बघत उभा राहायचास, आणि तो आला की शाळेत पळायचास.

ते गेले तेव्हा तू नववीत होतास. त्यानंतर आपल्या घरात ते गाणं कुणी म्हटलं नाही. रेडिओवर लागलं तर मी बंद करायचे. मला वाटलं, तू ते घेऊन बाजारात उभा राहिलास. त्या हॉलमध्ये मला तोच राग आला होता. संगीताचं मी नंतर जोडलं.

आता गाण्याबद्दल. पहिला भाग मला अजूनही आवडलेला नाही, हे लिहिलं नाही तर तू बाकीच्यावर विश्वास ठेवणार नाहीस. तो ताल छातीत बसतो, कानाला काही मिळत नाही. आवाजाला तुम्ही जी इस्त्री करता, तीही नको होती. मेंडोलिन मात्र कुणी वाजवलंय? त्याला माझा नमस्कार सांग. व्हायोलिन खरी आहेत हे कळतं. एकदम उठतात, पण सगळी एकसारखी उठत नाहीत, माणसं उठतात तशी. मी म्हटलं होतं मशीन वाजवते.

मग दुसऱ्या अंतऱ्यानंतर ते एकेक निघायला लागलं. आधी तो मोठा ठोका गेला, मग बारीक टिकटिक. व्हायोलिन गेली. मेंडोलिन दोन सूर रेंगाळलं आणि तेही गेलं. मग गाणारी ती मुलगी एकटीच मुखडा म्हणते. ताल नाही, मागे सुराची आस नाही, आणि आवाजालाही काही केलेलं नाही, तिचं ओठ उघडणं ऐकू येतं. शेवटच्या शब्दाच्या आधी ती थांबली. मला वाटलं गाणं संपलं. मी हेडफोन काढायला हात वर नेला, आणि तो शब्द आला.

पूजा स्वयंपाकघरात होती. काकू, काय झालं, म्हणून धावत आली. मी तिला म्हटलं, काही नाही, जरा मोठा होता आवाज.

तो थांबा मूळ गाण्यात नाही. मूळ गाणाऱ्या बाई तिथे श्वासही घेत नाहीत. तो आपल्या पडवीतला आहे. जगात तो ओळखणारी माणसं दोनच उरली आहेत, आणि त्यातल्या एकीने सगळ्यांसमोर सांगितलं की या मुलाने गाण्यात श्वासाला जागा ठेवली नाही.

आणखी एक लिहायचं आहे, मग थांबते. चॅनेलवाला आला त्या दिवशी तुझा मेसेज मी नंतर पाहिला असं लिहिलं होतं. मी तो आधीच पाहिला होता. तो पोरगा माझ्या पदराला छोटा माईक लावत होता, फोन मांडीवर होता, तुझं नाव दिसलं, मी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. एवढी वर्षं शाळेत संगीत शिकवलं. ऑफ तासाला जिथे रिकामा वर्ग मिळेल तिथे शिकवलं. संगीताबद्दल माझं काय म्हणणं आहे, असं मला कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी कॅमेरा घेऊन विचारायला आले. मला बोलायचं होतं, ओजस. तुझ्या जिवावर मला बोलायचं होतं.

उत्तर लिहू नकोस. वाचलंस तरी पुष्कळ.

तुझी आई


महाड
२० एप्रिल २०२५

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

मध्ये लिहिलं नाही, कारण काहीतरी करून मग लिहायचं ठरवलं होतं.

मी त्या निर्मात्याच्या ऑफिसात फोन केला. नंबर श्रियाकडून घेतला, तिला रागावू नकोस. एका मुलीने उचलला. तिला मी सगळं सांगितलं, की मी त्याची आई, मी गाणं न ऐकता बोलले, त्याची चूक नाही. ती अगदी अदबीने हो मॅम, हो मॅम म्हणत होती. शेवटी म्हणाली, मॅम, मी सरांना मेसेज देते, आपलं नाव काय सांगू? मी म्हटलं, सुनीती. तिने स्पेलिंग विचारलं. पुढे काही आलं नाही.

मग त्या चॅनेलच्या पोराला फोन केला. त्याला म्हटलं, ये, मला माझं बोलणं मागे घ्यायचं आहे. तो ओळखीने बोलला, चहाची आठवण काढली. म्हणाला, “काकू, तुमचं बरोबर आहे. पण त्यात आता बातमी नाही.”

रामनवमीला त्याच हॉलमध्ये यज्ञेश्वर शेटांनी मुलींच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. मला बक्षिसं द्यायला बोलावलं. मी माईक घेतला आणि सांगितलं. म्हणाले, याच जागी मी माझ्या मुलाच्या गाण्याबद्दल बोलले होते. ते गाणं तेव्हा मी पूर्ण ऐकलेलं नव्हतं. आता ऐकलं आहे. त्याचा शेवट माझ्याच्याने झाला नसता. मी कमी पडले, गाणं नाही.

समोर मुली आपापल्या आयांकडे बघत होत्या, बक्षिसं कधी मिळणार म्हणून. मागच्या रांगेत गप्पा चालल्या होत्या. कुणी टाळी वाजवली नाही आणि कुणाचा मोबाइल वर नव्हता. मी यज्ञेश्वर शेटांना विचारलं, हे कुणी घेतलं का? ते म्हणाले, “जाऊ द्या हो बाई. लोक विसरले सुद्धा. तुम्ही कशाला आठवण करून देता?”

खरंच विसरले आहेत. स्टँडवर आता दुसरं गाणं असतं.

श्रिया सांगत होती, तू हल्ली जाहिरातींचं काम घेतोस. साबणाची एक झाली म्हणाली, बरी वाजते. तू चिडलेला नाहीस, वेळेवर जेवतोस, रविवारी सायकल चालवतोस. मला बरं वाटलं. मग मी तिला विचारलं की सध्या स्वतःचं काही करतो का. ती म्हणाली, “करतो. पण आई, पूर्वी काही तयार झालं की तो मला म्हणायचा, थांब, आधी आईला पाठवू. आता ते म्हणत नाही.”

माझी पत्रं तो वाचतो का, असंही विचारलं. वाचतो म्हणाली. काय लिहायचं ते त्याला सुचत नाही म्हणाली.

ओजस, न सुचलं तर नको लिहूस. मीही तुला तेव्हा दोन शब्दांतच कळवलं होतं.

२०२१च्या पुरात गेलेल्या हार्मोनियमच्या जागी मी नवी घेतलेली नव्हती. घ्यावी असं परवा पहिल्यांदा वाटलं. बघू.

तुझी आई


महाड
२५ मे २०२५

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही नीट पोचलात असं श्रियाने कळवलं. आंबेनळी घाटात धुकं होतं म्हणाली. महाबळेश्वर या दिवसांत गर्दीचं, पण दोन दिवस हवा बदलते.

तुम्ही येणार हे तिने आदल्या दिवशी सांगितलं. वाटेत जेवायला थांबतो, पुढे पोलादपूरवरून घाटाने वर जायचं आहे. मी सकाळपासून आमरस, पुऱ्या, तुला आवडते ती फणसाची भाजी, सगळं केलं. पूजाला म्हटलं, आज येऊ नकोस, घरचीच माणसं आहेत.

तू आलास, वाकून नमस्कार केलास, घराला किती ओल आली आहे ते बघितलंस. पुराची खूण भिंतीवरून अजून जात नाही म्हणालास. कोणता रंग लावायचा ते सांगितलंस. माझ्या रक्तदाबाची गोळी कुठली ती बघितलीस. जावयाने वागावं तसं सगळं नीट वागलास. तू वाढलेलं आवाज न करता खात होतास. पूर्वी ताटावर बोटांनी ताल धरायचास आणि मी रागवायचे.

मी ठरवलं होतं की विषय काढायचा नाही. पत्रात सगळं लिहून झालं होतं. तरी श्रिया पुऱ्या आणायला आत गेली आणि मी म्हणून गेले. “ओजस, ते गाणं मी ऐकलं. पूर्ण.”

तू म्हणालास, “हो, वाचलं. बरं झालं.”

मी म्हटलं, “तो थांबा बाबांचा आहे ना?”

तू वाटीतला रस संपवलास. मग म्हणालास, “हो. स्टुडिओत सगळे म्हणत होते, इथे कापू, लोकांना वाटेल फाइल अडकली. मी भांडून ठेवला. तुला कळेल म्हणून ठेवला होता.”

तुझ्या आवाजात राग नव्हता. मी त्यात राग शोधत होते. असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. तेवढ्यात श्रिया आली आणि तू हात धुवायला उठलास.

तुझ्या पाठीमागे मी तशीच बसून होते. मला विचारायचं होतं, आता काय करतो आहेस, कुठली चाल, कुठला राग, मला थोडं तरी ऐकव. विचारता आलं नाही. मागायचा हक्क उरला आहे की नाही, ते कळेना. श्रियाने मला टेबल आवरायला मदत केली आणि उगाच माझ्या साडीचं कौतुक केलं. तिला सगळं कळतं.

मग तुम्ही निघालात. मी फाटकाशी उभी होते. तू गाडी सुरू केलीस, श्रिया बसली, आणि गाडीत काहीतरी वाजायला लागलं. काचा वर होत्या, तरी बाहेर ऐकू येत होतं, एकच वाद्य, सावकाश. मला आठवलं की लोणच्याची बरणी ओट्यावर राहिली. ती घेऊन मी पळत आले आणि तुझ्या खिडकीशी वाकले. तू मला येताना बघितलंस. काच खाली केलीस, पण त्याच्या आधी हात पुढे करून ते बंद केलंस.

बरणी घेतलीस. थँक्यू आई, म्हणालास. मी म्हटलं, सांभाळून जा, घाटात हॉर्न दे.

गाडी वळेपर्यंत मी तिथेच होते. ते कुणाचं होतं, जुनं की नवं, तुझं की दुसऱ्या कुणाचं, एवढंही मला कळलं नाही. कदाचित नुसतं रेडिओवरचं असेल आणि मी येते म्हणून तू सभ्यपणे बंद केलं असशील, कुणीही करतं तसं. पण तुझा हात फार पटकन गेला, ओजस. मास्तरीण वर्गात आली की मुली वही झाकतात, तसा गेला.

पुढच्या वेळी बंद करू नकोस. मी खिडकीशी उभी राहीन, संपेपर्यंत. मी काही बोलणार नाही.

तुझी,
आई